पाहुण्याचं पाणी

हॅनाज वेल
११ फेब्रुवारी १९८५

झीना बेटा,

तुला सलाम, आणि तुझ्या डोक्यावर फिरणाऱ्या पंख्यालाही. तू ॲडलेडला गार वाऱ्यात बसून हे वाचशील आणि मी इथं डोक्यावर ओला टॉवेल घेऊन लिहितेय. अक्षर कुठं पसरलेलं दिसलं तर म्हातारपणाला बोल लावू नकोस, टॉवेलला लाव.

मोठी बातमी म्हणजे ब्रॉडी नदी आली होती! तू शाळेत असताना आली होती, त्यानंतर आत्ता. चार दिवस वाहिली, रस्ता तोडला, बर्टच्या दारूच्या गुत्त्याच्या पायऱ्या चाटल्या आणि पुन्हा वाळूत गेली. मागं ठेवला चिखल, डास आणि एक पाहुणा.

पाहुण्याचं नाव पेनरोज. पोरगेला तज्ज्ञ आहे, नाक उन्हानं सोललेलं. तांब्याच्या खाणीची कंपनी नदीच्या वरच्या अंगाला, आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर, मोठाले पंप बसवणार आहे. खनिज धुवायला पाणी लागतं म्हणे. त्यासाठी आमच्या गावच्या पाण्याचे नमुने हवेत. बोअरच्या तोंडापर्यंत गुडघाभर चिखल, म्हणून त्यानं सहा घरी बाटल्या ठेवल्या, ‘घरच्या नळाचं पाणी भरून ठेवा’ म्हणाला आणि बर्टकडे जाऊन झोपला.

आम्ही त्याची उत्तम बडदास्त ठेवली. मी मटणाचा रस्सा दिला, माझ्या आजोबांच्या पद्धतीचा. उंट हाकायला पेशावराहून या देशात आलेल्या माणसाचा मसाला या पोराला झेपला नाही, पण त्यानं ताट पुसून खाल्लं. ग्रेटा लिंडनरनं केक केला. त्याच्या बाटल्या मी स्वतः व्हिनेगरनं धुतल्या, उन्हात वाळवल्या. गावाला कुणी नावं ठेवू नयेत.

पण बेटा, मला झोप नाही. आपल्या बोअरला पंप नाही. पाणी जमिनीतून स्वतःच्या जोरावर, कढत वर येतं. मी लहान होते तेव्हा धार माणसाच्या डोक्याच्या वर उडायची. आता गुडघ्यापर्यंत. वर पंप बसले तर ती तेवढीही राहील का? ही धार गेली तर मेंढ्या, आंघोळी, खजुराची झाडं, गाव, सगळं गेलं. टाक्यांतल्या पावसाच्या पाण्यावर माणसं चार महिने जगतील, गाव जगत नाही.

कंपनी म्हणते, नदीला पूर आला की तुमचं बोअर भरतं, काळजी नको. तू पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करतेस. पाणी कुठून आलं हे पाण्याकडं बघून कळतं का?

तुझी
मर्टलफुफी

*

ॲडलेड
३ मार्च १९८५

मर्टलफुफी,

कळतं. माणूस घरी आला की त्याच्या बुटांवरून तो कुठल्या वाटेनं आला ते तू ओळखतेस ना, तसंच.

पाऊस पडतो तेव्हा पाणी जवळजवळ कोरं असतं. समुद्रावरून वाऱ्यानं उडवून आणलेलं चिमूटभर मीठ तेवढं त्यात असतं. मग ते जमिनीत उतरतं आणि खडकांशी त्याची देवाणघेवाण सुरू होते. कुठं चुना घेतं, कुठं चुना टाकून सोडा घेतं. जितका प्रवास लांब तितकं गाठोडं मोठं. नुकत्याच आलेल्या पुराचं पाणी वाळूतून खाली गेलं असेल तर त्याचं गाठोडं वेगळं दिसेल, आणि शेकडो मैल खडकातून आलेल्या पाण्याचं वेगळं.

आणखी एक खूण आहे. १९५०च्या दशकापासून बड्या देशांनी पॅसिफिकच्या बेटांवर आणि इतरत्र मोठे बॉम्ब फोडले, तेव्हा हवेत एक किरणोत्सारी हायड्रोजन पसरला. त्यानंतर पडलेल्या प्रत्येक पावसात त्याचा अंश आहे. अपाय होण्याइतका नाही, पण मोजता येतो. ज्या पाण्यात तो सापडतो ते अलीकडचं. ज्यात नाही ते त्याआधी जमिनीत गेलेलं. मोजायला महिने लागतात.

माझा अंदाज विचारशील तर आपल्या बोअरचं पाणी फार जुनं आहे, क्वीन्सलँडच्या डोंगरांवर पडलेलं. जुनं असेल तर उपसलं की संपलं, कुठलाही पूर ते भरून देणार नाही. पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. यापुढं या विषयावर मला लिहिता येईल असं वाटत नाही. कारण विचारू नकोस. तब्येतीला जप, आणि भर दुपारी कोंबड्यांमागं धावू नकोस.

झीना

*

हॅनाज वेल
२० ऑगस्ट १९८५

कुमारी झीना जुमाखान यांस,

आज बेटा वगैरे नाही.

कंपनीचा अहवाल सभागृहाच्या दारावर लावलाय. लेस टकरनं टपालाच्या ट्रकमधून आणला आणि मोठ्यानं वाचूनही दाखवला, कारण माझा चष्मा रागानं धुरकटला होता. ‘हॅनाज वेलचं पाणी ताजं असून ब्रॉडी नदीच्या पुरांनी ते वेळोवेळी भरून निघतं. उपशाला हरकत नसावी.’ सहाच्या सहा बाटल्यांत तुझ्या त्या बॉम्बच्या पावसाची खूण सापडली म्हणे. आणि आकड्यांच्या तक्त्याखाली तपासणाऱ्याची आद्याक्षरं. झी. जु.

ग्रेटानं ती बोटानं दाखवली आणि पाठ फिरवून घरी गेली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

तर हे होतं तुझं ‘कारण विचारू नकोस’! आमच्या बाटल्या तुझ्याच टेबलावर होत्या. इतके महिने तू ख्यालीखुशाली विचारत राहिलीस आणि तिकडं आमचं पाणी पोरसवदा ठरवलंस. तुझा बाप, माझा भाऊ, याच बोअरच्या नाल्यात पोहायला शिकला. तुझी पणजी या नदीच्या मूळ माणसांतली. बोअर खणायच्या आधीपासून तिच्या माणसांना इथलं पाणी ठाऊक होतं. त्यांच्यापैकी कुणीही ‘पूर आला की जमिनीखालचं भरतं’ असं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

सुनावणी नोव्हेंबरात, इथंच सभागृहात. मी जाणार आणि सगळ्यांसमोर म्हणणार, की हा कागद खोटा आहे. त्यावर आमच्या पोरीचं नाव असलं तरी.

मर्टल जुमाखान

*

ॲडलेड
२९ ऑगस्ट १९८५

फुफी,

शिव्या वाचल्या. दोनदा. अजून असतील तर पुढच्या टपालानं पाठव, पण आधी हे नीट वाच.

बाटल्या माझ्याकडं आल्या हे मी लपवलं. नियमच तसा आहे, तपासणी चालू असताना बाहेर बोलायचं नाही. आकडे मात्र खरे आहेत. त्या बाटल्यांत जे पाणी होतं ते अलीकडच्या पावसाचंच होतं. मी फिरून फिरून मोजलं. रडतही मोजलं.

पण मला ते आकडे पटत नाहीत, आणि ते का पटत नाहीत ते कागदावर लिहायला जागा नव्हती. हॅनाज वेलचं पाणी प्यायलेल्या प्रत्येकाच्या दातांवर तपकिरी डाग असतो. तुझ्या, माझ्या, बर्टच्या. तो पाण्यातल्या फ्लोराईडचा. बाटल्यांत फ्लोराईड जवळजवळ नव्हतं. नळ सोडला की घरभर सडक्या अंड्याचा वास सुटतो. बाटल्यांना वास नव्हता. सोडा नव्हता. आणि जे असायला नको ते होतं, जस्त. सहाही बाटल्यांत. आपल्या खडकांत इतकं जस्त येईल कुठून?

फुफी, मला एवढंच सांग, त्या दिवशी बाटलीत तू नेमकं काय भरलंस?

तुझीच, तू काहीही म्हण,
झीना

*

हॅनाज वेल
८ सप्टेंबर १९८५

झीना,

हा काय प्रश्न झाला? टाकीतलं भरलं. छपरावरून पन्हळीनं येतं ते, पावसाचं. दुसरं काय भरणार?

तुला शहरानं सगळंच विसरायला लावलं का? बोअरचं पाणी आपलं. आंघोळीला, धुण्याला, मेंढ्यांना, आणि टाकी आटली की नाक दाबून चहालाही. पण पाहुण्याला टाकीतलं. टाकीत हातभर उरलं असलं तरी पाहुण्याच्या कपात तेच जातं. माझ्या आईनं मला एकदा बिशपला नळाचं पाणी दिलं म्हणून सगळ्यांसमोर कान धरून उभं केलं होतं. आणि इथं तर माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली बाटली राजधानीला जाणार! कुणी झाकण उघडलं आणि आतून तो वास आला तर तिथली माणसं काय म्हणतील, मर्टल जुमाखानच्या घरी असं असतं?

तुझं पत्र आलं तशी ग्रेटाकडं गेले. म्हटलं, “बाई, तू पेनरोजच्या बाटलीत काय भरलंस?”

“टाकीतलं. मग काय नळाचं देऊ?”

“त्यानं नळाचंच मागितलं होतं.”

“मागितलं असेल. माणसं भिडेखातर कमीच मागतात. तू केकचा दुसरा तुकडा नको म्हणालीस म्हणून मी कधी दिला नाही का?”

बर्टनंही टाकीतलंच भरलं. पोस्टातल्या बाईनंही, दोन्ही ओकली भावांनीही. एकमेकांना न विचारता. मला तर यात अभिमानच वाटतो. पण तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि टाकीजवळ जाऊन तिच्या पत्र्यावर हात फिरवला. छप्पर, पन्हळ, टाकी, सगळा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा.

बेटा, आम्ही काय करून बसलो?

मर्टलफुफी

*

ॲडलेड
१६ सप्टेंबर १९८५

माझ्या लाडक्या, आतिथ्यशील, महामूर्ख फुफी,

मी हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले, मग पुन्हा हसले. अख्ख्या खंडात दुसरं कुठलं गाव असेल, ज्यानं पाहुणचारापायी आपलं पाणी हातचं घालवलं!

आता ऐक. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, प्रयोगशाळा बाटलीत असेल ते मोजते, बाटली कुणी कशी भरली हे आपलं काम नाही, आणि नातेवाइकांच्या भानगडीत पडू नका. मग मी सुनावणीच्या आयुक्तांना माझ्या सहीनं पत्र पाठवलं. नमुने बोअरचे वाटत नाहीत, जस्त पाहा, असं. त्यानंतर मला बरीच रजा मिळालीय, त्यामुळं लिहायला वेळ आहे.

खरा नमुना कसा घेतात ते शिकून ठेव. नळाशी नाही, बोअरच्या तोंडाशी. झडप पूर्ण उघडून पाणी बराच वेळ वाहू द्यायचं, म्हणजे पाइपात थांबलेलं निघून जातं आणि खालचं येतं. बाटली काठोकाठ भरून सांडू द्यायची. बुडबुडासुद्धा राहता कामा नये, कारण आजची हवा आत गेली तर जुन्या पाण्यात आजची खूण मिसळते. आणि कृपा करून व्हिनेगर नको!

पण तुम्ही आता भरून पाठवलेल्या बाटल्या कंपनी मानणार नाही. आधी कुणीतरी सुनावणीत उभं राहून सांगायला हवं, की त्या सहा बाटल्यांत काय होतं. तू एकटी पुरणार नाहीस. सगळ्यांनी सांगावं लागेल.

झीना

*

हॅनाज वेल
२ ऑक्टोबर १९८५

झीना बेटा,

आधी तुझा समाचार घेते. ‘बरीच रजा’! मी बर्टच्या फोनवरून तुझ्या प्रयोगशाळेत विचारलं. तिथली बाई म्हणाली, मिस जुमाखान चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर नाहीत. तू मला काय दूधखुळी समजलीस? लपवाछपवी तुला जमत नाही. लहानपणी खजूर चोरून खायचीस आणि बिया खिशातच ठेवायचीस.

आणि मी तुला काय काय लिहिलं होतं ऑगस्टात! ते पत्र चुलीत घाल. नाहीतर ठेव, उद्या माझं डोकं फार वर गेलं तर दाखवायला उपयोगी पडेल.

आता गावाचं. मी सगळ्यांना माझ्या ओसरीवर बोलावलं आणि सांगितलं, सुनावणीत उभं राहायचं. काय झालं असेल ओळख.

बर्ट म्हणाला, “मर्टल, कंपनीचा वकील म्हणेल आम्ही जाणूनबुजून खोटे नमुने दिले. माझा परवाना जाईल.”

“बोअर आटल्यावर परवान्यातून बियर गाळणार आहेस का?”

“तू फार लागट बोलतेस.”

“मी अजून सुरुवात केली नाही.”

ओकली भाऊ एकमेकांकडं बघत बसले. त्यांना मत द्यायला आठवडा लागतो. आणि ग्रेटा? ग्रेटा उठून उभीच राहिली. “सरकारी माणसांसमोर, कागदावर, मी सांगू की माझ्या घरच्या पाण्याला वास मारतो? माझ्या हान्सनं हे घर बांधलं. त्या घरी आलेल्या एकाही माणसानं आजवर तो वास घेतलेला नाही. मी मेले तरी सांगणार नाही.”

“तू मरशीलच,” मी म्हटलं, “आणि तुला आंघोळ घालायला पाणी नसेल.”

ती निघून गेली. काल दुकानात भेटली तर माझ्या अंगावरून पलीकडच्या पिठाच्या गोणीशी बोलली.

नसू देत कुणी. मी एकटी उभी राहीन. माझे गुडघे आता वळत नाहीत, तेव्हा एकदा उभी राहिले की मला खाली बसवणं तसंही अवघड आहे.

मर्टलफुफी

*

ॲडलेड
१० ऑक्टोबर १९८५

फुफी,

माझ्या नोकरीसाठी काही करू नकोस. करायचं तर पाण्यासाठी कर. वकील तुला दोन गोष्टी विचारणार. ‘तुम्ही फसवलंत का?’ आणि ‘भाचीनं शिकवलं का?’ दोन्हीला चिडून उत्तर देऊ नकोस.

तू चिडणारच आहेस हे मला माहीत आहे. निदान टोपी घालून चीड.

झीना

*

हॅनाज वेल
६ नोव्हेंबर १९८५

झीना बेटा,

टोपी घातली होती. निळी.

आयुक्त हॅलोरन म्हणून आहेत, लांब चेहऱ्याचे, शंभर मेंढ्यांची लोकर एका दमात कातरल्यासारखे थकलेले. त्यांच्यासमोर टेबल, टेबलावर पाण्याचा जग आणि पेले. कंपनीचा वकील काळ्या सुटात. या उन्हाळ्यात! बिचारा उकडून निघत होता आणि पेल्यामागून पेला रिचवत होता. पेनरोजही आला होता, नाक पुन्हा सोललेलं.

माझं नाव पुकारलं. मी सांगितलं की माझ्या बाटलीत टाकीतलं पाणी होतं.

“म्हणजे तुम्ही कंपनीच्या तज्ज्ञाला फसवलंत,” वकील म्हणाला.

“फसवलं नाही, पाहुणचार केला. त्याला बोअरचं पाणी हवं होतं तर स्वतः वाकून भरायचं. तो तेव्हा बर्टकडे घोरत होता.”

लोक हसले. पेनरोज मान खाली घालून हसला, ते मला आवडलं.

“तुमची भाची त्याच प्रयोगशाळेत होती. हे जस्ताचं तिनं पढवलं?”

“जस्त तिनं शोधलं. टाकी माझी आहे. आणि पढवायचं म्हणाल, तर त्या पोरीला चालायला आणि बोलायला मी शिकवलं. मला काही पढवायची तिची अजून छाती नाही.”

तो हसला, पण वाईट. मग लोकांकडं वळून म्हणाला, “बाटल्या सहा घरांतून आल्या. या बाईंच्या म्हणण्याला दुजोरा देणारं कुणी आहे?”

बेटा, तो क्षण मला जन्मभर नको होता. बर्ट बुटांकडं बघत होता. ओकली छताकडं. मी उभीच होते, आणि पहिल्यांदाच वाटलं की खाली बसावं.

तेवढ्यात ग्रेटा उठली. काळा पोशाख, हान्सच्या मयतीचा. बोलायला नाही, चालायला लागली. थेट आयुक्तांच्या टेबलापाशी गेली, त्यांच्या हाताशी असलेला पेला उचलला आणि खिडकीतल्या कुंडीत ओतला.

“बाई!” वकील ओरडला.

“सकाळपासून तुम्ही जे पिताय ते टाकीतलं आहे,” ती आयुक्तांना म्हणाली. “मी भरलंय. काल बर्टकडे तुम्ही चहा घेतलात, तोही टाकीतल्या पाण्याचा. रात्री उशाशी तांब्या होता, त्यातही तेच. तुम्ही या गावात आल्यापासून नळाचा एक थेंब तुमच्या पोटात गेलेला नाही. कुणी ठरवलं नव्हतं. पेनरोजच्या वेळीही कुणी ठरवलं नव्हतं.”

आयुक्तांनी टेबलावरच्या पाण्याच्या जगाकडं पाहिलं. वकिलानंही हातातल्या पेल्याकडं पाहिलं आणि तो हळूच खाली ठेवला.

“मग नळाचं आणा,” आयुक्त म्हणाले. “बघू द्या मला.”

“मी आणणार नाही.”

“का?”

“पाहुण्याला ते पाणी मी देत नाही. बोअर दोनशे पावलांवर आहे. तुम्हाला पाय आहेत.”

मग तो लांब चेहऱ्याचा माणूस उठला, टोपी घेतली आणि निघाला. त्याच्यामागं वकील, पेनरोज, कारकून, सगळं गाव. मागून बर्ट ओरडला, “आम्हीही टाकीतलंच भरलं होतं, लिहून घ्या!” बोअर गाठेपर्यंत ओकली भावांचंही एकमत झालं. पोस्टातल्या बाईनं तर कारकुनाची लेखणी ओढून स्वतःच लिहिलं.

लेसनं झडप उघडली. वास असा आला की वकिलानं सुटाच्या बाहीत नाक खुपसलं. ग्रेटा त्याच्याकडं रोखून बघत होती, जणू म्हणत होती, बोल काही, बोल बघू. पाणी वाहू दिलं, तू लिहिलंस तसं. आयुक्तांनी गुडघे टेकून स्वतः बाटल्या भरल्या, बोटं भाजली, शिवी दिली आणि माफी मागितली. त्यांच्या बाटलीत बुडबुडा राहिला. मी म्हटलं, “साहेब, पुन्हा.” त्यांनी पुन्हा भरली.

चिठ्ठ्या लावायच्या वेळी ग्रेटानं एक बाटली स्वतःकडं ओढली. त्यावर तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली ‘वास येतो. आमचं आहे.’

बाटल्या दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेत गेल्यात, जिथं आपलं कुणी नाही. निकाल उन्हाळा सरल्यावर. माझे पाय सुजलेत, पण उतरतील.

मर्टलफुफी

*

ॲडलेड
२० मे १९८६

फुफी,

एव्हाना रेडिओवर ऐकलं असशील, तरी माझ्याकडून ऐक. वरच्या अंगाच्या पंपांना परवानगी नाकारली!

आयुक्तांनी भरलेल्या बाटल्यांत बॉम्बच्या पावसाची खूण शून्य. जस्त नाही. सोडा भरपूर, फ्लोराईड आपल्या दातांना शोभेल इतकं. आणखी एक तपासणी केली, फार जुन्या पाण्यासाठी असते ती. वय काही लाख वर्षं निघालं. नेमका आकडा मागू नकोस, तो कुणालाच देता येणार नाही. तू ज्या पाण्यानं कपडे धुतेस तो पाऊस क्वीन्सलँडच्या डोंगरांवर पडला तेव्हा या खंडावर माणूसच नव्हता. त्यात जे मीठ आहे त्यातलं थोडं तेव्हाच्या समुद्राच्या वाऱ्यानं आणलेलं आहे. मी हे वाचलं आणि आंघोळ करतानासुद्धा मला जपून वागावंसं वाटलं.

ब्रॉडीचा पूर वाळूत थोडा उतरतो, पण त्या खोल पाण्यापर्यंत पोचत नाही. मध्ये चिकणमातीचा जाड थर आहे. उपसलेलं परत येत नाही, असं निकालात स्पष्ट लिहिलंय.

मी कामावर परत आले. साहेब म्हणाले, पुढच्या वेळी आधी मला सांगा. मी म्हटलं, सांगितलं होतं. ते चहा प्यायला निघून गेले.

आता वाईट बातमी. कंपनीनं नवा अर्ज केलाय, खालच्या अंगाला, डन्स फेरीजवळ. तुमच्या गावानं हरकत घेतली नाही तर तुमचं जुनं बोअर नव्या पाइपानं फुकट दुरुस्त करून देतील, असं पत्र तुम्हाला येईल. त्यांचं म्हणणं, डन्स फेरी लांब आहे, तुमच्या धारेवर फरक पडला तरी नावापुरता. ते कदाचित खरंही असेल. गाव काय म्हणतंय?

झीना

*

हॅनाज वेल
१ जून १९८६

झीना बेटा,

पत्र आलं. गुळगुळीत कागद, वर बोअरचं रंगीत चित्र, नवा कोरा पाइप आणि शेजारी हसणारी मेंढी. सभागृहात वाचलं.

आता डन्स फेरीची माणसं तुला माहीतच आहेत. नदीला पाणी नाही आणि गावाचं नाव होडीचं. क्रिकेटचा चषक त्यांनी रडीचा डाव खेळून नेला त्याला चोवीस वर्षं झाली, अजून काचेच्या कपाटात ठेवून मिरवतात. बर्ट म्हणाला, “त्यांच्यासाठी आपण नवा पाइप सोडायचा? ते आपल्यासाठी थुंकणारही नाहीत.”

“नाही थुंकणार,” मी म्हटलं. “त्यांचंही पाणी तेच आहे. आपल्या खालून जातं आणि त्यांच्याकडं जातं. आपल्यापेक्षा ते आणखी म्हातारं होऊन त्यांच्याकडं पोचतं, एवढाच फरक.”

ओकली थोरला म्हणाला, “चषक मात्र मागून घ्यायचा.” यावर सगळ्यांचं एकमत झालं.

मग मी डन्स फेरीला फोन लावला. तिथल्या शाळेच्या बाईंनी घेतला. म्हणाल्या, काळजीचं कारण नाही, कंपनीनं नमुने मागितलेत, माणूस फार सभ्य आहे, बाटल्या ठेवून गेलाय. मी विचारलं, भरल्या का? म्हणाल्या, भरतोय ना, आज सगळ्यांनी टाक्या स्वच्छ करून घेतल्यात.

बेटा, मी फोनवर अशी ओरडले की बर्टचा कुत्रा टेबलाखाली शिरला.

तर उद्या पहाटे लेसच्या ट्रकनं निघतो. पुढच्या सीटवर ग्रेटा, कारण तिनं तसं जाहीर केलंय, तिच्या मांडीवर केक. मागं टपालाच्या पिशव्यांवर मी, बर्ट आणि दोन्ही ओकली. केक त्यांच्यासाठी आहे. त्यांच्या नळाचं पाणी आम्ही त्यांच्यासमोर पिणार, पेला भरून, आणि ते लाजेनं मरेपर्यंत पीत राहणार.

कंपनीच्या पत्राला उत्तर मी लिहिलं. एका ओळीचं. ‘पाइप ठेवून घ्या, आम्ही हरकत घेतोय.’ सगळ्यांनी सह्या केल्या, ग्रेटानं सर्वांत मोठी.

तू फक्त रिकाम्या बाटल्या पाठव, थेट डन्स फेरीला, शाळेच्या पत्त्यावर. मिळतील तितक्या. आणि झाकणं घट्ट बसणारी बघ.

मर्टलफुफी